उलट घातलेला ग्लोव्ह

आमच्या मालिकेतल्या मुलीचा ग्लोव्ह उलटा आहे, हे मला एका अनोळखी प्रेक्षकानं कळवलं. मुलगी डावखुरी आहे, चेंडू डाव्या हातानं फेकते, म्हणून ग्लोव्ह उजव्या हातात आहे. ते ठीक. पण तो ग्लोव्ह डाव्या हाताचा आहे, आणि अंगठ्याच्या जागी करंगळी घुसवली आहे. त्यानं विचारलं होतं की चित्र काढणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी बेसबॉल बघितला आहे का. मी तिरसट बाई. त्याला लिहिलं, बघितला नाही, खेळले आहे. आमच्या बीड जिल्ह्यात शाळेला उजव्यांचे ग्लोव्ह यायचे आणि डावखुऱ्यांना असेच घालावे लागायचे.

मग त्याचं उत्तर आलं. माफी मागून त्यानं विचारलं होतं, म्हणजे ही मुलगी तुम्हीच का?

मी अॅनिमेशनमध्ये पात्रांची चित्रं काढते. पुण्यात राहते, माहेर वडवणीजवळ. कोरड्या गावातली बारा वर्षांची एक मुलगी बेसबॉलची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, होते, एवढीच आमच्या मालिकेची गोष्ट. तरी ती मुलांना फार आवडली आणि मोठी माणसं शोध घेत बसली की तिच्यामागे खरे खेळाडू कोणते. काही बरोबर ओळखले गेले. पाय उचलण्याची ढब आम्ही एका जपानी शाळकरी मुलाच्या व्हिडिओवरून घेतली होती. कंबर वळवण्याची तऱ्हा अमेरिकेतल्या एका जुन्या डावखुऱ्या खेळाडूची. उरलेलं, म्हणजे तिचं मन लावून उभं राहणं, तो उलटा ग्लोव्ह, आणि फेकण्याआधी चेंडू कानाला लावणं, हे सगळं माझं. मुलं आता गल्लीत रबरी चेंडू कानाला लावून फेकतात. मला ते बघून बरं वाटायचं.

मी स्वतः उजव्या हाताची आहे. ऑफिसात एकानं विचारलंही होतं की तू उजवी, मग ही डावखुरी कशी. मी म्हटलं, जेवते आणि लिहिते उजव्यानं, फेकायचे डाव्यानं. हे सांगताना मला काही चाचरायला झालं नव्हतं. शाळेत असताना आमचा संघ विभागीय स्पर्धेला गेला, मी पिचर होते, आम्ही जिंकलो, हे मला माझ्या नावागावाइतकं पक्कं माहीत होतं. चेंडूची शिवण डाव्या बोटांना लागलेली आठवत होती. उन्हात डोळे बारीक करून चेंडू झेलणाऱ्या कॅचरकडे बघितलेलं आठवत होतं. थंडीत डावा खांदा दुखतो तेव्हा मी डॉक्टरांना सांगायचे की हे जुनं फेकण्याचं दुखणं आहे. प्रमाणपत्र माझ्या नावाचं आहे. वडिलांच्या बैठकीत माझा गुलालानं माखलेला फोटो अजून आहे, उघड्या जीपमध्ये उभी, पुढं हलगी, मागं सगळा गाव.

एकच गोष्ट जमत नव्हती. त्या मुलीचा चेहरा. अंग, हात, पाय पहिल्याच आठवड्यात झाले आणि चेहऱ्याला दोन महिने लागले. मग एका दुपारी तो आपोआप कागदावर आला, रुंद कपाळ आणि जवळजवळ आलेल्या भुवया. तो माझ्या चेहऱ्यासारखा नव्हता याचं मला काही वाटलं नाही. खटकलं ते डोळ्यांचं. ते कॅचरकडे बघायलाच तयार नव्हते. कितीही वेळा काढले तरी फेकण्याआधी ती जराशी बाजूला बघायची, मैदानाबाहेर, जिथं चित्रात कोणी नव्हतं. दिग्दर्शकाला ते आवडलं. तो म्हणाला, यात काहीतरी गूढ आहे, राहू दे. मग ते राहिलं.

मालिकेचा दुसरा भाग सुरू होणार होता, तेव्हा पात्रामागच्या खऱ्या खेळाबद्दल एक छोटी फिल्म करायचं ठरलं. रविवारी माझ्या शाळेच्या मैदानावर कॅमेरा लावायचा, मी सांगायचं की ही मुलगी म्हणजे मी, आणि जमलं तर एखादा चेंडू टाकून दाखवायचा. मी आठवडाभर आधी घरी आले. आमचे पीटीचे सर निवृत्त होऊन लिंबागणेशला राहतात, त्यांनाही बोलावणं गेलं. गुरुवारी सकाळी सरांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. सोबत एकच ओळ होती. 'जुना सापडला, पण रविवारी दाखवू नको.'

त्या काळच्या फोनवर काढलेला, अर्ध्या मिनिटाचा, धुरकट. मैदान, होम प्लेटला एक मुलगी बॅट घेऊन, आणि मध्यावर पिचर. उलटा ग्लोव्ह. चेंडू कानाला गेला. मला हसू आलं, कारण मी काढलेलं अगदी तसंच होतं. सवयीनं मी तो चित्रं मोजतो तसा एकेक चौकट पुढं सरकवत बघायला लागले. फेकण्याच्या आधी पिचरनं मान वळवली. दोनच चौकटी. रुंद कपाळ, जवळ आलेल्या भुवया.

ती मी नव्हते.

ती कॅमेऱ्याच्या अलीकडे, मैदानाबाहेर बघत होती. त्या कडेला, चुन्याच्या रेषेजवळ, पाण्याचा कॅन घेऊन एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, मांडीवर एक चेंडू. ती मी होते.

स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, बाहेर ट्रॅक्टर गेला, ऊन चांगलं वर आलं होतं. सगळं रोजच्यासारखं होतं आणि मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागं नेत होते. मला भीती वाटली. लाज नंतर आली, आधी भीतीच. कारण डाव्या हाताच्या बोटांना शिवण अजून लागत होती.

जेवण न करता मी लिंबागणेशला गेले. सर ओट्यावर बसून दाढी करत होते. मी मोबाईल पुढं धरला आणि विचारलं, "सर, ही कोण?"

त्यांनी आधी साबण पुसला. "कावून खोदायलीस आता? तुला मार्क मिळाले, माझी नोकरी झाली. झालं ते झालं."

"सर, मला आठवत नव्हतं."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगायलीस? मला वाटायचं तू लई मजबूत खोटं बोलतीस. टीव्हीवर मुलाखतीत पण एकदम टिच्चून बोलतीस. मी घरी म्हणायचो, बघा, पोरगी आपला शब्द सांभाळायली."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि त्यांनी एक धागा ओढला की पुढचा माझ्याच डोक्यातून निघायचा.

ती ऊसतोड कामगारांची मुलगी. पावसाळ्यात शाळेत यायची, दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्याला जायची. आम्ही सगळे तिला डावरी म्हणायचो. जुलै ते ऑक्टोबर तिनं जो चेंडू टाकला तसा जिल्ह्यात कोणी टाकत नव्हतं. स्पर्धा मात्र डिसेंबरात निघाली. तोवर गैरहजेरीमुळे तिचं नाव हजेरीपटावरून कमी झालं होतं. सर जीप घेऊन कारखान्यावर गेले आणि तिला तिच्या बापाकडून तीन दिवसांसाठी मागून आणलं. खेळवायचं कोणाच्या नावावर, तर माझ्या. मी राखीव खेळाडू होते, फेकता येत नव्हतं, पण वडील शाळेच्या कमिटीवर होते आणि दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळणार होते. ओळखपत्राची झेरॉक्स इतकी काळी होती की तिच्यात दोन वेण्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

मला घरी ठेवता येत नव्हतं. लोकांनी बघितलं असतं की ही इथंच आहे, मग तिथं खेळतंय कोण. म्हणून मलाही नेलं. जीपमध्ये सरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. तिला म्हणाले, तीन दिवस तू हीच हायस. हिचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख पाठ कर. मला म्हणाले, आणि तुला तीन दिवस नाव न्हाई. कोणी हाक मारली तर वळायचं न्हाई.

मी वळले नाही. पहिल्या दिवशी हजेरीला माझं नाव घेतलं आणि माझ्या शेजारून "हजर सर" आलं. माझ्या ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत कोणीतरी त्या नावानं हाक मारली, ती वळली, आणि मला वळावंसं सुद्धा वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंचावरून ते नाव मोठ्यानं पुकारलं गेलं. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

परतताना सरांनी तिला कारखान्याच्या फाट्यावर सोडलं. पदक तिच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलं. गावाच्या वेशीत हलगी वाजत होती.

"आता ती कुठं असते?" मी विचारलं.

"परळीला. राखेच्या विटा करत्यात तिथं." सरांनी आरसा पालथा ठेवला. "जाऊ नको, पोरी. रविवारी दोन शब्द बोल आणि जा पुण्याला. कोणाचं काय अडलंय?"

माझं अडलं होतं. रविवारी कॅमेऱ्यासमोर मी काय सांगणार? ही मुलगी मीच म्हटलं तर आता ते पहिल्यांदाच खोटं होणार होतं. आणि खरं सांगितलं तर पदक, गुण, वडिलांच्या बैठकीतला फोटो, सगळंच उचकटून निघणार होतं. रात्री वडिलांना सांगायचं धाडस झालं नाही. शुक्रवारी उठून परळीला गेले.

थर्मल वीजकेंद्राच्या बाजूला राखेचा दिवस वेगळाच असतो. ऊन असतं पण सावली पडत नाही म्हणावं इतकी फिकी पडते. कडुलिंब राखाडी, म्हशी राखाडी, वाळत घातलेली लुगडी राखाडी. विटांच्या कारखान्यात आठदहा बायका रांगेत उभ्या राहून एकमेकींना विटा झेलून देत होत्या, आणि त्या सगळ्यांचे चेहरे राखेनं सारखेच झाले होते. मी फाटकापाशी उभी राहून विचारलं, डावरी कोणती? विचारायची गरज नव्हती. रांगेतल्या एकीच्या हातून वीट निघायची ती थेट पुढचीच्या ओंजळीत पडायची, ना वर ना खाली.

तिनं मला लगेच ओळखलं. पदर झटकून आली आणि म्हणाली, "तुमी? इकडं कुठं आलात?"

वर्गात ती मला तू म्हणायची. मी म्हटलं, "तुमी कशाला म्हणतेस?" ती नुसती हसली आणि पुढंही तुमीच म्हणत राहिली.

विटांच्या थप्पीवर बसून मी तिला मोबाईलवर मालिका दाखवली. तिनं हात पुसून मोबाईल घेतला. मुलगी मैदानात आली, उलटा ग्लोव्ह घातला, पाय उचलला, फेकला. तिनं ते चार-पाच वेळा बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही कळत नव्हतं, राख होती म्हणूनही असेल. मग तिनं विचारलं, "ही चेंडू कानाला कावून लावती?"

"तू लावायचीस म्हणून."

"मी न्हाई," ती म्हणाली. "तुमी लावायच्या."

मी मोबाईलवरचं चित्र थांबवलं.

"पाण्याच्या कॅनपाशी बसून तुमी चेंडू पुसून द्यायच्या. दर चेंडू आदी कानापाशी हलवायच्या. कवठ वाजवून बघत्यात तसं. मला सरांनी सांगितलेलं का हीच हो. नाव पाठ केलं, तारीख पाठ केली. पण नुसत्या नावानं कसं भागंल? म्हून फेकायच्या आदी तुमच्याकडं बघायचे, अन् तुमी करायच्या तसं करायचे. कोणी वळखू न्हाई म्हून."

शाळेच्या मागं कवठाचं झाड होतं. पडलेलं फळ पिकलं की आत गर सुटतो, हलवला की कानाला ठक ठक लागतं. मी तेव्हा नारळ, कवठ, काड्यापेटी, हातात येईल ते कानाशी हलवायचे, आई त्यावरून रागवायची. हे मला पूर्ण आठवलं. जी लकब मी स्वतःची म्हणून काढली आणि व्हिडिओ बघून तिची समजले, ती शेवटी माझीच निघाली होती. आणि फेक, जी मला हाडात जाणवत होती, ती तिची होती. आम्ही दोघींनी तीन दिवसांत एकमेकींच्या अंगातून काय काय नेलं होतं, कोणास ठाऊक.

"तुला नंतर काही झालं का?" मी विचारलं. मला स्वतःला काय विचारायचं होतं ते नीट कळत नव्हतं.

तिला मात्र कळलं. "आईनं हाक मारली तर मला उशिरानं कळायचं. धा-बारा दिस तरी. आईला वाटलं पोरीला बाहेरचं लागलं. अंगारा लावला, लिंबू उतरवलं." तिनं तळहातावरची राख झटकली. "मग फडात ऊस तोडायला लागले का गेलं. कोयता दुसरं काय आठवू देत न्हाई."

मी तिला रविवारचं सांगितलं. तू ये, कॅमेऱ्यासमोर उभी रहा, मी सगळं खरं सांगते. तिनं पहिला प्रश्न विचारला तो माझ्या वडिलांबद्दल. त्यांना कळलं तर कसं. मी म्हटलं, त्यांना मी आधी सांगेन. तिनं रांगेकडे बघितलं, तिची जागा मोकळी होती आणि तिथून विटा अडून राहिल्या होत्या. "येते," ती म्हणाली आणि गेली.

वडिलांना मी शनिवारी सकाळी सांगितलं. ते पेपर वाचत होते. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय. मीच तर जीप दिलती." आणि पेपर वाचत राहिले. मी त्यांच्यावर आयुष्यात इतकी चिडले नव्हते. अठरा वर्षं या घरात फक्त मलाच माहीत नव्हतं की मी खेळले नाही.

रविवारी ती एसटीनं आली. राख धुतलेला चेहरा मी अठरा वर्षांनी बघत होते आणि आमची कॅमेऱ्याची मुलंही बघत राहिली, कारण हा चेहरा त्यांनी दोन वर्षं पडद्यावर बघितला होता. एकानं हळूच मोबाईलवर मालिकेचं चित्र काढून तिच्याकडे बघितलं आणि मोबाईल खिशात ठेवला.

मी बोलले. ओळखपत्र, जीप, पदक, गुण, सगळं. सर आले नाहीत. वडील येऊन मैदानाच्या टोकाला उभे राहिले. बोलताना माझा आवाज दोनदा फाटला, फिल्मवाल्यांनी ते तसंच ठेवलं आहे. मग तिच्या हातात ग्लोव्ह दिला. आमच्या मुलांनी पुण्याहून मुद्दाम डावखुऱ्यांचा आणला होता. तिनं तो घालून बघितला, काढून ठेवला आणि उघड्या हातानंच मैदानाच्या मध्यावर गेली. साडीचा पदर खोचला. पाय उचलला. चेंडू कॅचरच्या हातात वाजला तेव्हा चिंचेवरचे बगळे उठले. तिनं अकरा चेंडू टाकले. आमच्या कॅचर झालेल्या मुलाचा तळहात सुजला. एकदाही तिनं कुठं बाजूला बघितलं नाही.

मला रडू आलं. ते दुःखाचं होतं की कसलं हे मला अजून सांगता येत नाही. माझा डावा खांदा पार हलका झाला होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग दिग्दर्शक वही घेऊन आला. म्हणाला, यांच्या चेहऱ्याखाली पट्टी टाकायची आहे, पूर्ण नाव सांगा. तो माझ्याकडे बघून विचारत होता, आणि मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की मला तिचं नाव माहीत नाही.

शाळेत ती डावरी होती. हजेरीपटावर ती नव्हती. स्पर्धेत तिला माझं नाव होतं. सरांनी मला तिचा पत्ता दिला, नाव दिलं नाही, आणि मी विचारलं नाही. विटांच्या फाटकावर मी डावरी म्हणूनच विचारलं. तास-दीड तास तिच्यासमोर बसून स्वतःला काय काय आठवतं ते सांगितलं. खरं सांगायला एवढी तयारी करून आलेली मी, मला एवढंसं विचारायचं सुचलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "तिलाच विचारा."

ती पदरानं मान पुसत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं दिग्दर्शकाला माझं नाव सांगितलं. पूर्ण, माझ्या वडिलांच्या नावासकट, माझ्या आडनावासकट, न अडखळता.

दिग्दर्शक गोंधळला. म्हणाला, नाही, त्यांचं नाही, तुमचं.

"माझंच सांगायले," ती म्हणाली. "माझ्या नावावर ऊस हाय आन् विटा हायत. खेळले ते ह्या नावानं. तेच लिवा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मैदानाच्या टोकाला वडील उभे होते, त्यांनाही ऐकू गेलं असावं, कारण ते वळून चालू लागले. ती तिथंच उभी राहिली, मी नाही म्हणते की काय याची वाट बघत. मी दिग्दर्शकाच्या हातातून वही घेतली आणि ते नाव माझ्या हातानं लिहून दिलं.

आता त्या फिल्ममध्ये ते नाव दोनदा येतं, एकदा तिच्या चेहऱ्याखाली आणि एकदा चित्रं काढणारी म्हणून. ओळखीचे लोक फोन करून सांगतात की काहीतरी चूक झाली आहे, एकच बाई दोन ठिकाणी पडली आहे, दुरुस्त करून घे. मी म्हणते, चूक नाही, दोघी वेगळ्या आहेत. मग ते विचारतात, त्यातली तू कोणती?